लंडनमध्ये एक महिना: किती बघायचं, कसं बघायचं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ‘तू’च म्हणते, कारण माझ्या कार्यशाळेतल्या मुली तुझ्याच वयाच्या असतात. तू टीवायबीएला आहेस, तीन वर्षं एकांकिका स्पर्धा केल्यास, कधी स्टेजवर तर कधी विंगेत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून महिनाभर लंडनला जाते आहेस. राहणार वेम्बलीला मावशीकडे, आठवड्यातून दोन सकाळी नाटकाचा छोटा कोर्स, बाकी वेळ मोकळा. यादीत २२ संग्रहालयं आणि १५ नाटकं आहेत. एवढं बसेल का, कुठला पास घ्यावा, तिथले उच्चार कळतील का, आणि रात्री एकटी परत येणार म्हणून आई धास्तावली आहे, तिला काय सांगू, असं विचारलं आहेस.

यादी बसेल. तीस दिवसांत सदतीस गोष्टी धावतपळत उरकता येतात, लोक उरकतातही. पण यादी बसवणं ही खरी अडचण नाही. परत आल्यावर त्यातलं तुझ्या हाताशी काय राहील, हा खरा प्रश्न आहे. आणि त्यासाठी मला वाटतं, तू यादी निम्मी करावीस आणि जे उरेल त्यातलं काही दोनदा बघावंस.

हे मी कुठून बोलते तेही सांगते. गेली अठ्ठावीस वर्षं मी मराठी नाटकांची प्रकाशयोजना करते. २००३मध्ये मी पहिल्यांदा महिनाभर लंडनला राहिले, त्यानंतर तीनदा विद्यार्थ्यांना घेऊन गेले. त्या पहिल्या वेळी अकरा दिवसांत नऊ नाटकं बघितली. वही अजून माझ्याकडे आहे. एका पानावर लिहिलंय, ‘डावीकडून निळा, हळू हळू चढत गेला, फार सुंदर’. ते कुठल्या नाटकातलं होतं, कुठल्या प्रसंगाला होतं, काही आठवत नाही. एवढे पैसे जमवून गेले आणि जे शिकायला गेले नेमकं तेच निसटलं, याचं आजही वाईट वाटतं. पुढच्या खेपेला एकच नाटक तीन वेळा बघितलं, तीन वेगवेगळ्या जागांवरून, आणि त्याचे सगळे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा बदलतो ते, आजही डोळे मिटून सांगू शकते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. त्या महिन्यात कुठली नाटकं चालू असतील, कोर्सवालेच तुम्हाला एखाद-दोन नाटकांना नेणार आहेत का (हे त्यांना आजच विचार, नाहीतर त्याच नाटकाचं तिकीट स्वतः काढून बसशील), हातात पैसे किती आणि पायात ताकद किती. म्हणून ‘हीच पाच नाटकं बघ’ असं सांगत नाही, कसं निवडायचं ते सांगते.

आधी पहिल्या चार दिवसांचं, कारण तिथेच सगळे चुकतात. उन्हाळ्यात मुंबई लंडनच्या साडेचार तास पुढे असते. तिथे साडेसातला पडदा वर जातो तेव्हा तुझ्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजलेले असतात. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी संध्याकाळचा प्रयोग घेतलेले माझे दोन विद्यार्थी मध्यंतरानंतर माना टाकून झोपले होते, आणि त्या तिकिटांचे पैसे त्यांच्या घरच्यांनी ओढाताण करून दिले होते. पहिले चार दिवस संध्याकाळी काहीही बुक करू नकोस. पहाटे चारला जाग येईलच, तर सकाळी दार उघडताच संग्रहालयात शिर. पहिलं नाटक दुपारचं घे. बहुतेक नाट्यगृहांत शनिवारी आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, बुधवारी किंवा गुरुवारी, दुपारचा प्रयोग असतो.

आता वेम्बली. तिथून सगळं लांब पडेल म्हणून तू नाराज दिसतेस. मला तर तुझा हेवा वाटतो, कारण वेम्बली पार्क स्टेशन ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, जुबिली लाइनवर आहे. मुंबईच्या मुलीला लाइनवर शहर मांडायला शिकवावं लागत नाही. आपण दादर म्हणजे शिवाजी मंदिर, पार्ला म्हणजे दीनानाथ आणि ठाणं म्हणजे गडकरी असंच डोक्यात ठेवतो ना, तशीच ही लाइन डोक्यात ठेव. वॉटर्लूला नॅशनल थिएटर. पुढचं सदर्क, तिथून ओल्ड विक आणि यंग विक ही नाट्यगृहं आणि टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय चालत. शेक्सपिअरचं ग्लोब नाट्यगृह टेटच्या शेजारीच. शेवटचं स्टेशन स्ट्रॅटफर्ड, तिथून ऑलिंपिक पार्क ओलांडून गेलं की व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं, ईस्ट स्टोअरहाउस. यातल्या कशालाही गाडी बदलावी लागत नाही. तुझा निम्मा महिना मी या एका लाइनवरच काढला असता. बस ट्यूबपेक्षा स्वस्त असते आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. घाई नसेल त्या दिवशी दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसून जा.

पास घेऊ नकोस. पर्यटकांचे पास तिकीट लावणाऱ्या ठिकाणांसाठी असतात आणि तुझ्या यादीतली मोठी नावं (ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न) मुळात फुकट आहेत. फक्त मध्ये लागलेल्या खास प्रदर्शनांना तिकीट असतं. फुकट असण्याचा खरा फायदा पैशांचा नाही. चाळीस मिनिटं एकच दालन बघून बाहेर पडलीस तरी काही वाया गेल्यासारखं वाटत नाही, आणि उद्या पुन्हा जाता येतं, हा आहे.

नाटकांबद्दल बोलायचं तर सगळ्यात आधी ग्लोब, आणि तेही उभ्याने. मूळ ग्लोब १५९९चं. १६१३मध्ये प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीने त्याचं गवती छप्पर पेटलं आणि ते जळून गेलं. आत्ताचं उघडलं १९९७मध्ये. सॅम वॉनामेकर नावाच्या अमेरिकन नटाने त्यासाठी अर्धं आयुष्य घालवलं आणि ते पुरं व्हायच्या आधीच, १९९३मध्ये, तो गेला. मधलं अंगण उघडं आहे, तिथे सुमारे सातशे माणसं उभी राहतात आणि ते तिकीट पाच-दहा पौंडांत मिळतं. बसायची परवानगी नाही, छत्री उघडायचीही नाही. रेनकोट ने, बूट जुने घाल.

तिथला माझा पहिला प्रयोग आठवतो. मी स्टेजच्या कडेला कोपर टेकून उभी होते. मध्यंतराच्या थोडं आधी पाऊस आला. कोणी हललं नाही. माझ्या डाव्या बाजूने गर्दीतून वाट काढत एक नट स्टेजकडे निघाला. त्याची बाही माझ्या दंडाला घासली आणि लोकरीच्या ओल्या कपड्याचा वास आला. तो बोलायला लागला तेव्हा मला पलीकडच्या माणसाचे डोळे दिसत होते, नटालाही ते दिसत होते. तिथे अंधार नाही. दुपारी ऊन असतं, आणि रात्रीचे दिवे लावतात तेही सपाट, स्टेजवर आणि आपल्यावर सारखेच पडणारे. ज्या बाईचं सगळं काम अंधार करून त्यात उजेड नेमका ठेवायचा हे, तिला त्या दिवशी कळलं की प्रेक्षक अंधारात बसवणं ही निवड आहे, नियम नाही. आपल्याकडे दशावतारात, तमाशात, गावच्या जत्रेतल्या नाटकात नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असतात, ते मी लहानपणापासून बघितलं होतं. पण ते मला ग्लोबच्या अंगणात उभं राहिल्यावर दिसलं. परत आल्यावर केलेल्या पुढच्याच नाटकात मी एका प्रवेशाला हॉलचे दिवे अर्धे चढवले. दिग्दर्शक तालमीत नाराज होते, प्रयोगात राजी झाले.

नॅशनल थिएटरला नाटकाशिवायही जा. संस्था १९६३ची, नदीकाठची इमारत १९७६ची, एका छपराखाली तीन प्रेक्षागृहं. दिवसभर तिथल्या मोकळ्या जागेत कोणीही येऊन बसू शकतं. लोक लॅपटॉप उघडून काम करतात, कोणी उठवत नाही. तुझी लिहायची जागा हीच ठेव. मागच्या बाजूची सहल पैसे देऊन करता येते, ती कर. ऑलिव्हिए या मोठ्या प्रेक्षागृहाच्या स्टेजखाली पाच मजली उंचीचा फिरता ड्रम आहे. १९६२मध्ये ‘तो मी नव्हेच’साठी आपल्याकडे फिरता रंगमंच आला, तो दौऱ्यावर गावोगाव हिंडला. तो मनात ठेवून हा ड्रम बघ. एका बाजूला इमारतीत कायमचं बसवलेलं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला आज रत्नागिरीला लावायचं नि उद्या उतरवून ट्रकमध्ये भरायचं सामान. दोन्हीकडे नाटकाला स्थळ झटकन बदलायचं होतं, एवढं सारखं. बाकी सगळे फरक पैशातून आणि रस्त्यातून आलेत.

आणखी एक जागा फार थोड्यांना माहीत असते. ओल्ड विकजवळ द कट नावाच्या रस्त्यावर नॅशनलचं अर्काइव्ह आहे. आधी वेळ घेतली तर त्यांच्या जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग तिथे बसून फुकट बघता येतात, सोबत प्रॉम्प्ट बुक (हालचाली आणि क्यू टिपलेली प्रयोगाची संहिता) आणि फोटोही मागता येतात. रेकॉर्डिंग थांबवून मागे नेता येतं. तुझ्यासारख्या शिकणाऱ्या मुलीसाठी ही एक दुपार वेस्ट एंडच्या, म्हणजे मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या, दोन महाग तिकिटांहून मोलाची आहे. ईमेल इथून निघायच्या आधीच कर.

तिकिटांचं असं आहे. नॅशनलमध्ये १६ ते २५ वयाच्यांसाठी वेगळी स्वस्त तिकिटं असतात, इतर अनेक नाट्यगृहांतही पंचविशीच्या आतल्यांना सवलत असते, म्हणून वयाचा पुरावा जवळ ठेव. वेस्ट एंडची बरीच नाटकं त्या दिवशी सकाळी थोडी तिकिटं स्वस्तात सोडतात. लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसची खिडकी आहे, तिथेही उरलेली मिळतात. आधी बुक करायची ती फक्त दोन नाटकं, ज्यांच्यावाचून तुला चैन पडणार नाही अशी. बाकी तिथे पोचून ठरव. जुन्या नाट्यगृहांत खांबाआडच्या जागा अर्ध्या दरात असतात. मी त्या मुद्दाम घेते, वरच्या मजल्यावरच्या अगदी बाजूच्या. तिथून नटाचा अर्धा चेहरा जातो, पण समोरची विंग उघडी पडते. कोण कधी येऊन उभं राहतं, दिवे कुठे टांगलेत, सगळं दिसतं. एकच नाटक दोनदा बघणार असशील तर आधी समोरून बघ, मग अशा जागेवरून.

मोठ्या संगीतिका एक बघ, तीन नको. छोट्या जागा जास्त बघ. इस्लिंग्टनचं किंग्ज हेड १९७०मध्ये एका पबच्या मागच्या खोलीत सुरू झालं, आता त्याच्याच मागे नव्या जागेत आहे. चारच वर्षांनी आपल्याकडे दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू झाले. नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही म्हणून खोली शोधणारे लोक दोन्ही शहरांत एकाच काळात होते. अर्ल्सफील्डचं तारा थिएटरही बघ. साउथॉलमध्ये १९७६ला गुरदीपसिंग चग्गर या शीख तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. त्यानंतरच्या वर्षी जतिंदर वर्मा आणि त्याच्या मित्रांनी ही संस्था काढली. नाटक कशासाठी करायचं, याचं इतकं सरळ उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळतं.

उच्चारांची भीती खरी आहे. पहिला अर्धा तास कान बसत नाही. उपाय दोन. बऱ्याच नाटकांचे काही प्रयोग कॅप्शनसह असतात, बाजूच्या पडद्यावर संवाद उमटतात. ते ऐकू कमी येणाऱ्यांसाठी असले तरी आपणही त्या प्रयोगाचं तिकीट काढू शकतो. दुसरा म्हणजे नाटक आधी मराठीत वाचून जाणं. शेक्सपिअर असेल तर फारच सोपं, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ १८८३मध्ये केलं, त्याच्याही आधीपासून आपल्याकडे ती परंपरा आहे. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ वाचून ‘मॅक्बेथ’ला बसलेली माझी एक विद्यार्थिनी वर्गात सगळ्यात जास्त बोलली होती.

संग्रहालयांत एक प्रश्न घेऊन जा, एकच, आणि महिनाभर तोच. माझ्या एका विद्यार्थ्याने फक्त दारं बघायची ठरवली होती. चित्रातली, शिल्पातली, नेपथ्यातली, घरांची दारं. कुठल्या बाजूला उघडतात, उंबरा किती, आत येणारा माणूस आधी कुठे दिसतो. परत येताना त्याच्या वहीत चाळीस-एक दारांची रेखाटनं होती आणि पुढच्या एकांकिकेचं नेपथ्य म्हणजे फक्त एक दार होतं. तू हात घे, खुर्च्या घे, पायऱ्या घे, काय ओढतं ते तुझं तू बघ.

व्ही अँड एमध्ये नाटकाची स्वतंत्र दालनं आहेत, पोशाख, पोस्टरं आणि नेपथ्याच्या छोट्या प्रतिकृतींची. पण त्याहून मोठी गोष्ट स्टोअरहाउस. हे २०२५मध्ये उघडलेलं त्यांचं गोदामच आहे, आणि निदान दोन आठवडे आधी मागणी नोंदवली तर संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत काढून समोर ठेवतात. कपडेपटात रस असेल तर जुन्या प्रयोगाचा एखादा पोशाख माग आणि त्याची आतली शिलाई बघ. झटपट बदलायला कुठे काय सैल ठेवलंय ते बाहेरून कधीच कळत नाही. लिंकन्स इन फील्ड्समधलं सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आता संग्रहालय आहे, ते लहान आहे, फुकट आहे, सोमवार-मंगळवार बंद असतं. तिथे भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत पुन्हा चित्रं. छतातून पिवळा उजेड येतो. प्रकाशाचं काम करणाऱ्याने तिथे तास काढावा.

ब्रिटिश म्युझियममध्ये सगळं बघायचं म्हणू नकोस. अमरावतीच्या (विदर्भातली नव्हे, आंध्रातली) शिल्पांचं दालन बघ. १८४५मध्ये मद्रास सरकारच्या नोकरीतल्या वॉल्टर इलियटने ती तिथे खणून काढली आणि पुढे ती जहाजाने लंडनला गेली. उरलेला मोठा भाग चेन्नईच्या संग्रहालयात आहे. मी तिथे उभी राहिले तेव्हा आधी शिल्पाचं सौंदर्य आणि मग घशात काहीतरी अडकल्यासारखं, असं दोन्ही झालं. त्यातलं एक झाकून दुसरं बघू नकोस. वस्तूखालची पाटी नीट वाच. वस्तू इथे कशी आली हे कुठल्या क्रियापदाने सांगितलंय ते वहीत उतरव. नाटकाची संहिता वाचणाऱ्याला हे जमतं.

म्हणूनच निघायच्या आधी दोन रविवार मुंबईला दे. राणीबागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय (उघडं आहे ना ते पाहून जा) १८७२चं, आणि त्याचं जुनं नावच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. मुंबईतल्या बलुतेदारांच्या, कारागिरांच्या मातीच्या मूर्ती तिथे आहेत. त्या बघून मग लंडनचं व्ही अँड ए बघितलंस तर कोण कोणाकडे बघत होतं हे आपोआप उलगडेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही तसंच एकदा सावकाश बघ. एनसीपीएमध्ये नॅशनलच्या नाटकांची चित्रित रूपं दाखवतात, एखादं मिळालं तर जा. आणि एखाद्या बॅकस्टेजवाल्याला विचारून शिवाजी मंदिरला प्रयोगाच्या दिवशी सामान उतरवण्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत बसून राहा. आपलं घर माहीत असलं की दुसऱ्याचं घर कळतं.

तुझ्या यादीत एक गोष्ट नाही, ती घाल. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते, २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. उघडं कधी असतं ते पाहून जा आणि खोल्यांचा आकार बघ. तुझ्याच लाइनवर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२पासूनचं. तिथे रविवारी काही कार्यक्रम असेल तर मावशीला घेऊन जा. परदेशात मराठी नाटक कसं तगतं, हाही संस्कृतीचाच भाग आहे.

एक सावधगिरी. कोणी ‘ये आमच्याकडे, बॅकस्टेजला मदत कर’ म्हणालं तर लगेच हो म्हणू नकोस. व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि बिनपगारी कामाचे नियमही कडक आहेत. तालीम बघायला बसते, असं म्हण.

आईला सांग, नाटकं साधारण दहा-साडेदहाला सुटतात, ट्यूब बारापर्यंत असते आणि शुक्रवारी-शनिवारी जुबिली लाइन रात्रभर चालते. नाटक सुटल्यावर स्टेशनपर्यंत शेकडो माणसं तुझ्याबरोबर चालत असतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून हातात फोन धरू नकोस, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात. वेम्बली पार्कपासून मावशीच्या घरापर्यंतचा रस्ता पहिल्या दिवशी उजेडी चालून बघ. जूनमध्ये तिथे नऊ वाजून गेल्यावर मावळतं, त्यामुळे नाटक नसेल त्या संध्याकाळी तरी उजेडीच घरी पोचशील.

शेवटचा आठवडा रिकामा ठेव. त्यात पहिल्या तीन आठवड्यांत जे डोक्यातून गेलं नाही तेच पुन्हा बघ. आणि आता बावीस आणि पंधराच्या जागी दहा आणि सात अशी यादी करून मला पाठव, प्रत्येकासमोर ‘हे का’ एवढं एका ओळीत लिहून. ज्याच्यासमोर ओळ सुचणार नाही ते खोडून टाक. उरलेल्यांपैकी दोनदा काय बघावं ते आपण मिळून ठरवू.